वरची रिकामी ओळ

एकतीस जानेवारीला सत्तावीस जण निवृत्त होणार,
म्हणून लोढा मॅडमनी एक्सेल पाठवलं:
नाव, खातं, रुजू झाल्याचं वर्ष, एकूण सेवा.
दरेकाची एक स्लाइड.
हातानं केल्या तर दोन दिवस,
कोडनं केल्या तर एक रात्र
आणि वर तीन चहा.

अंबडला या दिवसांत कीबोर्डसुद्धा गार पडतो.
चौकट टाकली. डावीकडून इतके इंच, वरून इतके.
चौकटीत परिच्छेद, परिच्छेदात तुकडे.
त्या तुकड्याला इंग्रजीत रन म्हणतात,
धावत मात्र काही नाही.
अक्षराचं रूप बदलत नाही
तिथपर्यंत एक.
'मोतीराम' साधं,
'गांगुर्डे' ठळक,
'प्रेस शॉप, चौतीस वर्षं' तिरकं, राखाडी, अठरा पॉइंट.
माणसाचे तीन तुकडे झाले
की मधल्या जागा आपणच सोडायच्या,
नाहीतर मोतीरामगांगुर्डेप्रेसशॉप
अशी मालगाडी निघते.

पहिल्या फेरीत फॉन्ट लागलाच नाही.
इंग्रजी आकडे शहाण्यासारखे बदलले,
मराठी नावं जुन्याच कपड्यांत बसून.
तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं:
मी फॉन्टचं नाव देत होते ते रोमन लिपीच्या खिडकीवर.
देवनागरीची खिडकी वेगळी,
आत, एक्सएमएलच्या पार माजघरात.
तिथं जाऊन तेच नाव पुन्हा लिहायचं.
म्हणजे एकाच कामाचे दोन अर्ज.
नवीन काही नाही त्यात.
मग गांगुर्ड्यांचा रफार नीट डोक्यावर बसला.

तरी प्रत्येक नाव एक ओळ खाली.
सत्तावीसच्या सत्तावीस.
आपण म्हणतो चौकट रिकामी,
पण तिच्यात एक परिच्छेद आधीपासून असतो,
न बोलावता, काही न बोलता.
तो न पाहता मी दुसरा जोडत होते
आणि पहिला तसाच वर
जागा धरून.

अकराला दुसरी पाळी सुटली.
दारात गांगुर्डे, हातात डबा, स्वेटरवर ऑइलचा डाग.
'ताई, दगूचं नाव टाकलं का हो?'

दगू चव्हाणके. ओळ एकोणीस.
यादी आली तेव्हा अठ्ठावीस होते.
मॅडमनी ती ओळ आधी पिवळी केली, मग काढली:
सप्टेंबरात गेले ना ते,
निवृत्तीला चार महिने कमी.
गंगेवर दहावा झाला तेव्हा
अर्धी प्रेस शॉप हाफ डे टाकून गेली होती.

'यादीत नाहीये,' मी म्हटलं.
'बरं,' म्हणाले.
'एकाच प्रेसवर होतो आम्ही.
म्या पत्रा सरकवायचा, त्यानं पायडल दाबायचं.
सोळा वर्सं. बोटं हायेत माझी सगळी.'
दहाही दाखवली, डब्यासकट.
मग पाथर्डी फाट्याची बस चुकेल म्हणून
जिन्यावरून धावत गेले.

दुरुस्ती एका ओळीची होती.
नवा परिच्छेद जोडायचा नाही,
आहे तोच पहिला घ्यायचा.
चालवलं. नावं वर सरकली,
खैरनार, बोरस्ते, तांबोळी, पगार,
सगळी आपापल्या जागी.
एका नावापुरती मी अट घातली.
दोन ओळींचं काम, कमेंट न लिहिता.

कार्यक्रमात दर स्लाइडला सहा सेकंद.
एमडींच्या स्वागताला वेगळी, चव्वेचाळीस पॉइंटची,
ती पावणेदोन मिनिटं राहिली,
लॅपटॉप अडकला म्हणून.
मग एकेक जण शाल, नारळ, टाळ्या.

गांगुर्ड्यांचं नाव जरा खाली आलं.
लोढा मॅडम माझ्या कानाशी वाकल्या:
'अलाइनमेंट हललीय का गं?'
हो, म्हटलं. बग आहे.
बघते.